दावणीला बांधलेला ट्रॅक्टर

आमच्या घरी ट्रॅक्टर आला तो बैलगाडीत बसून आला. यात काही खोटं नाही. जो दुसऱ्याला ओढणार, त्यालाच ओढून आणावं लागलं, आणि तेही माझ्या थोरल्या दिरांच्या बैलांनी. त्यामुळं पहिल्या दिवसापासून त्या यंत्राची मान खाली गेली.

दुष्काळ सरून तेव्हा दोन-तीन वर्षं झाल्ती. आमचं गाव बदनापूरच्या जवळ; सारा मुलूख अजून औरंगाबाद जिल्ह्यातच होता. घरात आम्ही पाच मोठी माणसं. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची. थोरले दीर आणि जाऊबाई. आणि आम्ही दोघं. दीर शेती बघायचे, आमचे हे शाळेत मास्तर. मास्तर माणसाला सुट्टीत काय सुचेल सांगता येत नाही. कुणी पत्ते खेळतं, कुणी भजनाला जातं. ह्यांना मोडकी यंत्रं नीट करायचा नाद होता. गावातली बंद घड्याळं, सायकली, फवारणीचे पंप, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. काही चालू होऊन परत जायचं, काही तिथंच मुक्काम करायचं.

हा ट्रॅक्टर एका मोसंबीवाल्याच्या बागेत लिंबाच्या झाडाखाली कित्येक वर्षं पडून होता. निजामाच्या राज्यात कुणा हौशी माणसानं बागेसाठी परदेशातून मागवलेला, असं म्हणत. बसायचा नव्हे बरं का. दोन चाकं, त्यांच्यावर एक लहानसं इंजिन आणि मागं दोन लांब दांडे. दांडे धरून माणसानं मागून चालायचं, नांगरामागं चालतो तसं.

"फुकट दिला," हे म्हणाले.

"फुकट? कशाबद्दल?"

"त्याच्या पोरांना वर्षभर गणित शिकवलं, त्याचं काही घेतलं नव्हतं. तो म्हणाला, मास्तर, हे घेऊन जा."

आता माझा स्वभाव आधीपासून असा, की कुणी काही सहज दिलं तर मी ते उलटं करून खालून बघते. भांडं असलं तर पोचा सापडतो, लुगडं असलं तर विरलेली जागा सापडते. मी त्या यंत्राभोवती एक चक्कर मारली. इंजिनाच्या फटीतून लिंबाचं रोप वर आल्तं. चाकाच्या आतल्या बाजूला सरड्यानं संसार मांडलेला.

"अहो, हा ट्रॅक्टर आहे का कुंडी?" मी म्हटलं.

"हसू नको. आतून चांगला आहे."

"आतून चांगला आहे म्हणून तर माझंही लग्न लावून दिल्तं तुमच्याशी."

हे हसले, पण मला हसू आलं नाही. मोसंबीवाला पक्का माणूस. चांगली वस्तू तो गणितावर कशाला सोडेल?

यंत्र ठेवायचं कुठं, यावरून दुसरा घोळ झाला. पाऊस लागू नये अशी एकच जागा होती, गोठ्यातला कोपरा. त्या कोपऱ्यात दावणीला पूर्वी आत्याबाईंचा म्हातारा बैल असायचा. दुष्काळात त्याला चाऱ्याच्या छावणीवर नेलं, तो परत आला नाही. तेव्हापासून ती जागा मोकळी. आत्याबाई तिथं कडब्याची पेंढीसुद्धा टेकू द्यायच्या नाहीत. आणि ह्यांनी काय केलं, त्या देवळात गेल्याचं बघून यंत्र नेमकं तिथंच उभं केलं, आणि गडगडू नये म्हणून दावणीच्या खुंट्याला दोरानं बांधून टाकलं!

आत्याबाई आल्या, दारातच थांबल्या.

"ह्ये काय मढं आनून बांधलंय माह्या बैलाच्या जागी?"

"आई, ट्रॅक्टर आहे. बागेचा."

"शेन देतंय का? मूत देतंय का? मंग गोठ्यात काय काम त्याचं?"

त्या दिवसापासून आत्याबाई त्या कोपऱ्याकडं पाठ करून झाडू मारायच्या.

मग आमच्या घरातलं रॉकेल आटायला लागलं. रेशनचं रॉकेल, त्यावर स्टोव्ह आणि कंदील दोन्ही भागवायचे. डबा उचलला की हाताला हलका लागायचा. मला आधी वाटलं, जाऊबाई नेत असतील. मी डब्यावर बाहेरून काजळाची रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी रॉकेल रेघेच्या पार खाली. जाऊबाई तर त्या दिवशी माहेरी गेल्त्या! मग मी वासावर निघाले. वास थेट गोठ्यात. बघते तर हे इंजिनाच्या पोटात माझं रॉकेल ओतून शेजारी उकिडवे बसलेले, जसं काही आजाऱ्याला काढा पाजून वाट बघून राह्यले.

"पिस्टन गंजून अडकलंय. भिजू द्यावं लागतं," हे म्हणाले.

"आणि भाकरी कशावर भाजू? गणितावर?"

मी भांडायलाच गेल्ते. पण ह्यांच्या जाड बोटांना आतला एक स्क्रू लागत नव्हता आणि ते घामाघूम झाल्ते. मला ते बघवेना. मी घरात शिलाई मशीन चालवायची, गावाचे झंपर शिवायची. मशीन बिघडलं तर जालन्याला कोण नेणार, म्हणून तेल देणं, खोलणं, जोडणं सगळं माझं मीच शिकल्ते. "सरका," म्हटलं, आणि हात आत घातला. स्क्रू फिरला. तेव्हापासून भांडण जे राहिलं ते राहिलंच. दुपारी भांडी घासून झाली की मी गोठ्यात.

काय काय निघालं त्या इंजिनातून! पेट्रोल जिथून आत येतं त्या बारीक भोकांत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली. ती मी शिवणाच्या सुईनं एक-एक करून कोरली. जोडावर घालायचा पुठ्ठा जुन्या कॅलेंडरच्या पाठीचा कापला, झंपराचा गळा कापते तसा, कागद ठेवून. ठिणगी पाडणाऱ्या डबीतले काटे ह्यांनी पॉलिश पेपरनं घासले. इंजिनाकडून चाकाकडं जोर नेणारा रबरी पट्टा सडून गेल्ता. तो ह्यांनी जालन्याहून नवा आणला. दांड्यावरचा खटका दाबला की हा पट्टा ताठ होतो आणि चाकं फिरतात. खटका सोडला की पट्टा ढिला, चाकं उभी. एवढं समजलं आणि मला वाटलं, अगं बाई, हे तर माझ्या मशीनचं मोठं भावंड.

एका रविवारी दोरी गुंडाळून ओढली आणि इंजिन भुंकलं. एकदाच. मग काळा धूर. कोंबड्या पत्र्यावर, बैलानं दावं तोडलं आणि आत्याबाई मुसळ घेऊन बाहेर आल्या.

"कुनाला चावलं?" त्यांनी विचारलं.

काही दिवसांनी ते अंगणात चालायला लागलं. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की रॉकेलवर टाकायचं. दांडे हातात धरले की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, पण ते वळायचं कसं म्हणाल, तर लहान पोर खांबाला मिठी मारून वळतं तसं, जागच्या जागी. ते बघून माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला बोलले नाही.

माझ्या मनात माझी परसबाग आली.

घरामागं ओढ्याकडं जाणारा अरुंद पट्टा होता, मध्ये पेरूची झाडं. तिथं मी मेथी, कोथिंबीर, वांगी लावायची आणि बदनापूरच्या बाजारात विकायची. शिवण आणि भाजी, एवढंच माझ्या हातातलं. पण माती काळी. पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की दगड. मधले थोडेच दिवस ती नांगराला वश असते, त्याला वाफसा म्हणतात. वाफसा गेला की हंगाम गेला. आणि दिरांचे बैल माझ्या परसात यायचे ते नेमके वाफसा गेल्यावर. "आधी रान, मंग परस," ते म्हणायचे. "तिथं बैल वळत न्हाईत." दुष्काळानंतर गावात बैलच कमी राहिल्ते, दुसऱ्याचे मागायची सोय नव्हती. आदल्या वर्षी माझी मेथी दगडात लावावी लागली आणि ती काही वर आली नाही.

म्हणजे बघा, हे यंत्र चाललं तर मला कुणाच्या बैलांची वाट बघायची गरज नव्हती. ह्यांचा नाद होता, पण जीव माझा अडकला होता.

हे दिरांच्या ध्यानात आलं असणार, असा मला संशय होता. त्यांनी उन्हाळ्यात एक गोऱ्हा घेतला होता. एके दिवशी जेवताना म्हणाले, "मास्तर, मह्या गोऱ्ह्याला दावणीला जागा पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं ह्ये लोखंड परस नांगरून दाखवू द्या. नांगरलं तर राहू द्या तिथंच. न्हाईतर जालन्याचा भंगारवाला निरोपाचीच वाट बघून राह्यला."

"चालेल की," हे म्हणाले.

"चालंल का? तवर राजूरच्या गणपतीला नारळ कबूल करा. त्यानंच मागून ढकललं तर ढकललं."

जाऊबाई फिसकन हसल्या. मी भाकरी थापत होते, पीठ जरा जोरात आपटलं. थोरल्या दिरांशी मी थेट बोलत नसे. तशी रीत होती. डोक्यावर पदर, नजर खाली. काही सांगायचं झालंच तर बैलाला सांगायचं, ते दिरांनी ऐकायचं. "काय रे पांढऱ्या, पाणी संपलं वाटतं तुझं," असं म्हटलं की ते मुकाट्यानं उठून पाणी आणायचे. अशी आमची बोलणी.

त्यानंतर दीर गोठ्यात जरा जास्तच दिसायला लागले. बैल रानात असतानाही. एकदा मी अचानक गेले तर ते यंत्रापुढं उकिडवे बसून एका नळीला बोट लावून बघत होते. मी खाकरले. ते उठले, धोतर झटकलं आणि शेणाची पाटी उचलून निघून गेले. पाटी रिकामी होती.

त्या दिवसापासून मी यंत्रावर तळवट टाकायला लागले, पोत्यांचं शिवलेलं, आणि त्याला दोरीनं बांधायची. गाठ माझी, परकराच्या नाडीला मारते तशी, शेपूट आत खोचलेलं. कुणी सोडली तर मला बराबर कळावं.

पोळा जवळ आला. पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं. मी रोज परसात जाऊन मूठभर माती दाबून बघायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाफसा येणार, असा अंदाज होता, आणि त्याच दिवशी परीक्षा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही यंत्र अंगणात चालवून पाहिलं. झक्क चाललं. पुसून, झाकून, गाठ मारून ठेवलं.

त्या संध्याकाळी खांदेमळणी. ज्यांच्याकडं बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते: पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे कोमट पाण्यानं धुतात आणि त्यांना तूप-हळद चोळतात. वर्षभर जू तिथं बसतं, ओढ तिथं पडते, म्हणून. दिरांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. मग त्यांच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आत्याबाई वाटी धरून उभ्या होत्या. मी चुलीपुढं होते, पण डोळा गोठ्याकडं.

पोळ्याच्या सकाळी गोठ्यात गेले आणि पाय थबकले. तळवट जागेवर होतं. दोरीही होती. पण गाठ माझी नव्हती. दाव्याची गाठ होती, जनावर बांधतात ती. आणि आमच्या घरात जनावरं कोण बांधतं?

मी ह्यांना हाताला धरून आणलं.

"गाठ माझी नाही."

"वाऱ्यानं सुटली असेल."

"आणि वाऱ्यानंच पुन्हा बांधली?"

मी सगळं तपासलं. प्लगची तार जागेवर. नट घट्ट. टाकीचं झाकण बंद. पट्टा भिंतीकडच्या अंगाला होता, यंत्राच्या पत्र्याखाली. तिकडं वाकून बघायला जागा नव्हती, आणि नुसता हात घालून चाचपायचं मला सुचलं नाही. म्हटलं, एकदा सुरूच करून बघावं. दोरी गुंडाळायला घेतली तर दारात आत्याबाई.

"आज न्हाई. पोळा हाय. आज कुनाला राबवायचं न्हाई."

"आत्याबाई, हे काय बैल आहे का?"

"सांगितलं ना. बिलकुल हात लावायचा न्हाई."

मी दोरी ठेवली, पण मनात आलं, ज्या बाईनं याला मढं म्हटलं, तिला आज याच्या विश्रांतीची इतकी काळजी कशी? का लेकाला सामील आहे?

सण कसा गेला ते माझं मला माहीत. शिंगं रंगवली, झुली घातल्या, बैल वेशीतून मिरवून आले, वाजंत्री झाली. मी पुरण वाटत होते आणि एकेकाचे हात बघत होते. दिरांची नखं पिवळी. बरोबर आहे, खांदे मळले. जाऊबाईंची पिवळी. आत्याबाईंची पिवळी. मग माझ्याच नखांकडं लक्ष गेलं, तीही पुरणानं आणि हळदीनं पिवळी. पोळ्याच्या दिवशी नखांवरून चोर पकडायला निघालेली मी एकटीच असेन.

"सारख्या गोठ्याकडं काऊन बघून राह्यल्या?" जाऊबाई म्हणाल्या.

"मांजर शिरलंय वाटतं."

"दोन पायांचं का चार?" असं म्हणून त्या आत गेल्या. आता हे त्यांनी सहज म्हटलं का जाणून, यावर माझी दुपार गेली.

आणि दुपारी मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून तळवटाखाली शिरत होती. मी कोपरा उचलला. टाकीच्या झाकणावर मुंग्यांचा नुसता बाजार भरलेला! ह्यांनीच मागं एकदा सांगितलं होतं, टाकीत गूळ-साखर टाकली की इंजिन मेलंच म्हणून समजा. आणि ते सांगितलं तेव्हा दीर शेजारीच जेवत होते.

"टाकीत गूळ घातलाय," मी ह्यांना म्हटलं.

"तुझ्या डोक्यात गूळ आहे. सणाचं घर आहे, मुंग्या येणारच."

"स्वयंपाकघर सोडून गोठ्यात? पेट्रोलवर?"

तेव्हा मात्र ह्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टाकी रिकामी केली. सगळं पेट्रोल माझ्या जुन्या पदराच्या तुकड्यातून गाळलं. फडकं स्वच्छ. चाटून बघायची हिंमत नव्हती, पण बोटाला चिकटही लागलं नाही. गूळ नव्हता. माझं समाधान व्हायला पाहिजे होतं. पण गाठ बदललेली, मुंग्या आलेल्या आणि गूळ नाही म्हणजे केलंय काहीतरी दुसरंच, आणि ते आपल्याला दिसेना, असं मला वाटायला लागलं.

परसात माणसं जमली. पोळ्याचा आळस अंगात, कामं नाहीत, तमाशा फुकट. दीर पांढऱ्या बैलाला घेऊन आल्ते. "न्हाई चाललं तर वढून न्यायला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आत्याबाई पेरूखाली दगडावर बसल्या. मी मूठभर माती उचलून दाबली. मूठ उघडली तशी ती हलकेच फुटली. वाफसा आला होता. आज नाहीतर मग पुढच्या वर्षी.

ह्यांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. टणटणीत आवाज. माझ्या जिवात जीव आला. ह्यांनी दांडे धरले, मागचा लहान नांगर मातीत टेकवला आणि खटका दाबला.

यंत्र जागेवरच.

पुन्हा दाबला. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय, सगळं अंग थरथरतंय आणि चाकं जशीच्या तशी, रुसल्यासारखी.

"मास्तर, आवाज झकास हाय," दीर म्हणाले. "वरातीला लावा."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "गाना बी म्हनतंय का पाहा." ह्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, सकाळच्या वेळी. आणि तेवढ्यात मला वास आला. आधी वाटलं, घरातून येतोय. नाही, वास यंत्रातून येत होता. पेट्रोलच्या धुरात मिसळून तूप कढल्याचा वास!

"बंद करा," मी ओरडले.

इंजिन थांबलं. मी खाली बसले, पत्र्याखाली बोटं घातली, पट्ट्याच्या आतल्या अंगावरून फिरवली आणि बाहेर काढली. पिवळी धम्मक. तूप आणि हळद. पट्ट्याला चोळलेलं, पुलीला चोळलेलं, चांगलं मायेनं जिरवलेलं. माझ्या मशीनच्या वादीवर तेल सांडलं की असंच होतं. चाक फिरत राहतं आणि सुई हलत नाही. म्हणजे काय झालंय ते कळलं. आणि कुणी केलं यात तरी शंका कशाला? तूप-हळद कुणाच्या हाताला होती, जनावराची गाठ कुणाला येते, जागा कुणाला पाहिजे?

मी पदर सावरला, उठले आणि पांढऱ्या बैलापुढं जाऊन उभी राहिले.

"का रे पांढऱ्या," मी म्हटलं, "तुझ्या खांद्याचं तूप उरलं होतं का परवा? उरलं तर माणसानं भाताला घ्यावं. दुसऱ्याच्या पट्ट्याला लावून त्याची शोभा करावी का?"

दीर आधी बैलाकडं बघत राहिले. मग त्यांना समजलं आणि ते लालबुंद झाले.

"आई," ते म्हणाले, "तिला सांग, म्या हातबी लावला न्हाई."

"पांढऱ्या," मी म्हटलं, "मग नळीला बोट लावून कोण बसलं होतं?"

"बघत व्हतो! बघायची बी चोरी झाली का ह्या घरात?"

"आणि गाठ? दाव्याची गाठ कुणी मारली?"

"म्या मारली," आत्याबाई म्हणाल्या.

त्या दगडावरून उठल्याही नव्हत्या. पदरानं गुडघ्यावरची माती झटकत होत्या.

"गाठ म्या मारली. तूप म्याच लावलं. वराडू नका."

"आत्याबाई, तुम्ही?" मी म्हटलं.

"मंग? दावनीला बांधलंय न्हव का तुम्ही त्याला? पाऊसभर तिथं हाय. सणाला बाजूचे दोघं खांदे मळून घेतेत, आवतण घेतेत, आन् ह्येनं नुसतं बघत ऱ्हायचं? त्या जागंवर कोनी उपाशी ऱ्हायला न्हाई माह्या हातून, दुस्काळ सोडून." त्यांनी यंत्राकडं बोट केलं. "आता त्याचा खांदा कुठं आस्तो ते मला काय ठावं. मास्तर सांगत व्हता ना तुला, पट्ट्यावर सगळी वढ पडती म्हणून. जिथं वढ पडती तिथं लावलं. चुकलं का?"

चुकलं म्हणावं तर एक अक्षर चुकलं नव्हतं.

"आणि मुंग्या?" ह्यांनी हळूच विचारलं.

"पोळी ठिवली व्हती नैवेद्याची. तोंड कोनतं ते कळंना, म्हणून टोपनावर ठिवली. मंग कुत्र्यानं नेली आसंल."

पहिल्यांदा दीर हसले. पोट धरून, बैलाच्या मानेवर डोकं टेकवून. मग सगळे. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी खाली बसून फडक्यानं पट्टा पुसायला लागले. रॉकेलचा बोळा फिरवला, मग कोरडं फडकं. तरी बोट सरकतच होतं.

"वादीला मी खडू लावते मशीनच्या," मी म्हटलं.

ह्यांनी खिशात हात घातला. मास्तरांच्या खिशात दुसरं काय असणार. मी पट्ट्याला आतून सगळीकडं खडू घासला, पुलीलाही. ह्यांनी दोरी ओढली, दांडे धरायला गेले, तर आत्याबाई म्हणाल्या, "तू सर. तिचं रान हाय, तिला धरू दे."

मी पदर खोचला. खटका दाबला. पट्टा ताठ झाला, चाकांनी एक हिसका दिला आणि यंत्र निघालं. नांगराच्या फाळापाशी काळी माती उलटत होती, ओलसर, तुकड्या-तुकड्यांनी. पेरूपाशी आले आणि वळवलं. वळलं. जिथं बैल वळत नाहीत म्हणायचे तिथंच वळलं. मागून कुणीतरी काहीतरी बोललं, मला ऐकू आलं नाही. हात कोपरापर्यंत मुंग्यांनी भरले होते आणि मला वाटत होतं, ओढा थोडा पुढं सरकला असता तर बरं झालं असतं, आणखी नांगरलं असतं.

गोऱ्ह्याचं काय, ते संध्याकाळी निघालं. दिरांनी विषय काढायच्या आतच आत्याबाईंनी मिटवला. "ज्याचा खांदा मळला त्याला भंगारात देत न्हाईत. गोऱ्ह्याला त्या अंगाला खुटा ठोक." दिरांनी ठोकला. त्या वर्षी माझी मेथी अशी आली, की बदनापूरच्या बाजारात बायका पेंडी उचलून विचारायच्या, खत कोणतं घातलं. मी सांगायची, तूप.

माझा संशयी स्वभाव तेवढ्यानं गेला असं मात्र नाही. हिवाळ्यात एकदा बाजारातून आले तर यंत्राच्या चाकाला माती दिसली. माझ्या परसातली माती काळी. ही तांबूस, मुरमाड. असली माती फक्त दिरांच्या वरच्या तुकड्यात होती. गाठ बराबर माझ्यासारखी मारलेली, शेपूटसुद्धा आत खोचलेलं. मी पांढऱ्यापुढं गेले.

"काय रे पांढऱ्या, वरच्या तुकड्यात कांदा लावायचाय वाटतं? जागा अडचणीची आहे, बैल वळत नसतील तिथं."

दीर वैरण टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही. बैलालाच म्हणाले, "पांढऱ्या, सांग तिला, पेट्रोल परत भरून ठिवलंय. आन् खडू संपलाय म्हनावं."

भांडण सोडून एवढं बोलणं आमच्यात तोवर कधी झालं नव्हतं.

पुढच्या पोळ्याच्या आधी ह्यांनी आत्याबाईंना गोठ्यात नेऊन नीट दाखवलं. "आई, हा दांडा बघ. नांगर इथं अडकवतात. ओढ इथं पडते. तूप इथं लावायचं." आत्याबाईंनी वाकून बघितलं, दांड्यावरून हात फिरवला, मान हलवली. "इथंच ना? बराबर?" असं दोनदा विचारलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला ते मान हलवणं काही खरं वाटलं नाही.

पोळ्याच्या सकाळी गेले तर दांड्याला तूप-हळदीचं एक बोट होतं, नावापुरतं. तळवटाची गाठ दाव्याची. मी पत्र्याखाली हात घातला. पट्टा पिवळा धम्मक.

पोळ्याचा दिवस तो तसाच राहू दिला, मुंग्यांसकट. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या आधी जाऊन पट्टा पुसला, खडू लावला. त्या होत्या तोवर दर पोळ्याला असंच चाललं. त्यांचा आमच्या दांड्यावर विश्वास बसला नाही, आणि मीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टा बघितल्याशिवाय दोरीला हात लावला नाही.